शाबूत कुलूप

विमानतळाकडे जाणारी बस जिथे वळते, तिथल्या एका जिन्याखाली ठिणगीचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते तिच्या मानासाठी. दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने पोट आत ओढून उभं राहायचं, अशी तिथली ऐसपैस व्यवस्था. भिंतीवर बॅगांची चाकं, तुटक्या मुठी, चेनचे गुंडाळे आणि एका बरणीत शेकडो रनर. रनर म्हणजे आपण चेन उघडताना जो चिमटीत धरून ओढतो तो. एवढासा असतो, पण बॅगेची सगळी अब्रू त्याच्या हातात.

ठिणगी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी बापाच्या धार लावायच्या चाकापाशी बसून ती उडणाऱ्या ठिणग्या तळहातावर झेलायची, म्हणून बापाने ठेवलेलं. पुढे तिचा स्वभाव त्या नावाला शोभेसा निघाला आणि खरं नाव कागदावरच राहिलं. आता केस पांढरे झालेत, पण गल्ली अजून ठिणगीच म्हणते.

विमानाने जाणारी माणसं तिच्याकडे येतात ती बहुधा एकाच मागणीने: एक दणकट कुलूप द्या. ठिणगी कुलूप काढतच नाही. ती म्हणते, तुमच्या खिशातलं पेन द्या. माझं नको, नाहीतर म्हणाल पेनात काहीतरी होतं. मग ती त्यांच्याच बॅगेला त्यांच्याच समोर कुलूप लावते, किल्ली त्यांच्याच मुठीत देते, आणि बंद चेनच्या मधोमध पेनचं टोक खुपसते. चेन फाटल्यासारखी उघडते. ठिणगी आत हात घालून वर आलेला एखादा मोजा काढते, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकते, आणि कुलपाने एकमेकांना बांधलेले दोन्ही रनर त्या फटीवरून पुढे नेऊन मागे आणते. चेन बंद. कुलूप जिथल्या तिथे. गिऱ्हाईक एकदा खांद्यावरच्या मोज्याकडे बघतं, एकदा हातातल्या किल्लीकडे. तेवढं ठिणगीला पुरतं. हसायचं ते ती गिऱ्हाईक गेल्यावर हसते.

मग ती तिचं काम करते. मेण लावलेला दोरा घेते, एक लाल आणि एक काळा, दोन्ही एकत्र पिळून. त्याने रनर बॅगेच्या मुठीला आवळून बांधते, असे की ते जागचे हलू नयेत. गाठ तिची स्वतःची. आता चोराला चेन फोडता येईल, पण रनर फिरवून ती परत मिटवता येणार नाही. बॅग उघडीच राहणार, आणि जिथे उघडली तिथेच बोंब होणार. तपासणीवाल्यांना उघडायची झाली तर त्यांनी खुशाल दोरा कापावा, त्यांचा तो हक्क आहे; ते तसं चिठ्ठी ठेवून सांगतात. चोर चिठ्ठी ठेवत नाही. "चोराला अडवणारे आपण कोण?" ती सांगते. "पण त्याला सारवासारव करू द्यायची नाही."

आता हे शहाणपण तिला कुणी दारावर आणून दिलेलं नाही. त्यासाठी घरातला एक माणूस जवळजवळ हातचा गेला होता.

तिचे बाबा म्हणजे गल्लीतले कुलूपमास्तर. हाताने कुलूप घडवणारे. पितळेचं, अंगठ्याएवढं कुलूपसुद्धा असं करायचे की किल्ली फिरवताना लोण्यात सुरी गेल्यासारखी जायची. "माणूस खोटं बोलेल, कुलूप बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते उगीच नव्हतं. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने गोदामातल्या चोरीचा आळ आपल्या नोकरावर घेतला होता. मास्तरांनी भिंगातून कुलूप पाहिलं आणि सांगितलं की यात सळई गेलेली नाही, हे घरच्या किल्लीने उघडलंय. दुकानदाराचा सख्खा भाचा निघाला. नोकर सुटला, आणि त्या दिवसापासून मास्तरांचा शब्द आणि मास्तरांचं कुलूप यांत गल्लीने फरक ठेवला नाही. खरी गोष्ट अशी की मास्तरांनीही ठेवला नाही.

ठिणगीचा मोठा भाऊ, दादा, परदेशात जहाजदुरुस्तीच्या कामावर गेला तेव्हा मास्तरांनी त्याच्या बॅगेसाठी खास कुलूप घडवलं. काही वर्षांनी तो परत येणार म्हणून फोन आला. येताना बाबांसाठी तिकडच्या पोलादाच्या बारीक कानशींचा आख्खा संच आणतोय, म्हणाला, लाकडी पेटीतला. कुलूपवाल्याला कानस म्हणजे लिहिणाऱ्याला लेखणी. मास्तरांनी ही बातमी न्हाव्याला सांगितली, शिंप्याला सांगितली, चहावाल्याला तर दोनदा सांगितली. एरवी तोंडातून शब्द विकत घ्यावा असा हा माणूस, पण त्या आठवड्यात थांबता थांबेना.

दादा आला त्या दिवशी निम्मी गल्ली घरात. बॅग खोलीच्या मधोमध ठेवली. दादा अजून उभाच होता, आईने त्याला पाणीही दिलं नव्हतं, आणि मास्तर भिंग डोळ्याला लावून बॅगेपाशी उकिडवे बसले. कुलूप उलटसुलट पाहिलं. एक ओरखडा नाही. "कुणाची हात लावायची छाती झालेली नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता.

दादाने कुलूप उघडलं. कपडे निघाले, साबण निघाले, आईसाठी आणलेली शाल निघाली. पेटी निघेना. दादाने तळापर्यंत हात घातला, मग बॅग पालथी केली, मग अस्तराच्या शिवणी चाचपल्या. हातातल्या पिशवीत ठेवली असतीस, शिंपी हळूच म्हणाला. दादा म्हणाला की विमानात कानस जवळ ठेवू देत नाहीत, धारेची वस्तू आहे, बॅगेतच टाकावी लागते.

मास्तरांनी विचारलं, "कुलूप आत्ता तूच उघडलंस ना?"

"हो, बाबा."

"तुटलेलं नव्हतं?"

"नाही."

"मग आत काय होतं, ते तुलाच माहीत."

शेजारी एकेक करून उठले. कुणी चपलांचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही, आणि त्या सभ्यपणानेच घाव जास्त बसला. दादा एवढंच म्हणाला, "ठेवली होती, बाबा. मी स्वतःच्या हातांनी ठेवली होती." मास्तर भिंग रुमालात गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा विमानतळावर तक्रार करायला गेला. तिथल्या माणसाने शाबूत कुलूप पाहिलं, शाबूत चेन पाहिली आणि खांदे उडवले. घरी जो न्याय, तोच तिथेही. थोड्याच दिवसांत दादाने बसच्या वर्कशॉपमध्ये काम धरलं आणि तिकडेच एक खोली घेतली. आईला भेटायला यायचा, पण मास्तर दुकानात असताना. बाप-लेक रस्त्यात समोरासमोर आले तर दोघांनाही अचानक दुसऱ्या बाजूचं काम आठवायचं. बॅग कपाटावर पडून राहिली. आई म्हणाली, कुणाला तरी देऊन टाकू. मास्तरांनी देऊ दिली नाही. त्यांच्या लेखी तो पुरावा होता.

आणि ठिणगी? जीव दादावर, पण पोर कुलूपवाल्याची. दादाने खोटं बोलावं हे तिला पटत नव्हतं, आणि बाबांचं कुलूप कुणी उघडून परत लावावं हेही पटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं असेल असा रस्ता तिला दिसत नव्हता. तेव्हा ती बाबांच्या दुकानात किल्ल्या कापायची. रागारागात कितीतरी किल्ल्या वाया घालवल्या तिने त्या काळात.

एका दुपारी एक बाई किल्ली हरवलेली बॅग घेऊन आल्या. संध्याकाळी नेते, तोवर उघडून ठेवा, म्हणाल्या. बाबा जेवायला घरी गेले होते. कुलूप गंजलेलं, हट्टी. ठिणगीने बारीक टोकाची सळई घातली, जोर केला, सळई सटकली आणि थेट चेनमध्ये घुसली. चेन मधोमध फाटली. बाबांनी पाहिलं तर गिऱ्हाइकाची वस्तू बिघडवली म्हणून दिवसभर ऐकावं लागणार. तिने घाईघाईने दोन्ही रनर, कुलपासकट, त्या फटीवरून ओढले. नुसतं झाकायचं म्हणून. आणि चेन मिटली. दात दातात बसले. फाटली होती असं शपथ घेऊन सांगितलं तरी कुणाला खरं वाटू नये.

ठिणगी स्टुलावर बसली. थोड्या वेळाने तिने सळई परत खुपसली, परत रनर ओढले. मग तिसऱ्यांदा. शेवटी तिने सळई खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले. रडू दादासाठी होतं, आणि राग स्वतःचाच होता.

दुसऱ्या कुणी धावत जाऊन बापाला सुनावलं असतं. एरवी ठिणगीने तर नक्कीच. पण त्या दिवशी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ती भडकली नाही. बाबांना "तुमच्या कुलपाचा उपयोग नाही" असं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते ऐकणार नाहीत. त्यांना ऐकवायचं नव्हतंच, त्यांना दादाच्या जागी उभं करायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने कपाटावरची बॅग खाली काढली आणि बाबांसमोर ठेवली. म्हणाली, तुमच्या कुलपाची परीक्षा घ्यायची आहे. परीक्षा म्हटल्यावर मास्तर खुलले. तुम्हाला जिवापाड आहे अशी एखादी वस्तू आत ठेवा, ती म्हणाली. मास्तरांची एक जुनी कानस होती, त्यांच्या उस्तादाने दिलेली. तिला ते म्हातारी म्हणत. त्यांनी म्हातारी रुमालात गुंडाळून कपड्यांखाली ठेवली, चेन लावली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि चहा प्यायला आत गेले. कपात फुंकर मारताना ते आईला म्हणत होते की पोरीला अजून पोच नाही.

चहा संपवून आले, भिंग लावलं. ओरखडा नाही. "दमलीस?" त्यांनी विचारलं. ठिणगी म्हणाली, उघडा.

त्यांनी उघडलं. कपडे बाजूला केले. रुमाल होता, नीट घडी केलेला. म्हातारी नव्हती. मास्तरांनी तळापर्यंत हात घातला. मग बॅग पालथी केली. मग अस्तराच्या शिवणी चाचपल्या.

"ठेवली होती," ते म्हणाले. "मी स्वतःच्या हातांनी ठेवली होती."

ठिणगीने रात्रभर जागून चार खणखणीत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती तोंडातच राहिली, कारण आई दारात उभी होती आणि ती आधी बोलली.

"तोही हेच म्हणाला होता."

मास्तर खाली बसले. मग ठिणगीने पाठीमागून म्हातारी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली, पेन घेतलं आणि करून दाखवलं. मास्तरांनी पेन तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः केलं. पुन्हा केलं. कारागीर माणूस, हाताला पटल्याशिवाय डोक्याला पटत नाही.

"कुलूप खरंच बोललं," ते शेवटी म्हणाले. "मी त्याला दाराचं विचारत बसलो, चोर भिंतीतून गेला." आणि थोडं थांबून, ठिणगीकडे न बघता म्हणाले, "हे मला दिसायला हवं होतं. तुला दिसलं." एवढ्या एका वाक्यावर ठिणगी पुढची कितीतरी वर्षं जगली आहे. अजूनही सांगताना तिचा आवाज वर चढतो.

मास्तरांनी चपला घातल्या आणि बॅग उचलली. ठिणगी मागोमाग. तिला वाटलं, सरळ वर्कशॉपकडे निघालेत. छे. आधी ते न्हाव्याकडे थांबले. अर्धी दाढी झालेल्या माणसाला तसंच बसवून त्यांनी चेनमध्ये पेन खुपसलं, हात आत घातला, रनर फिरवले आणि म्हणाले, माझ्या मुलाच्या कानशी अशा गेल्या. मग शिंप्याकडे. मग चहावाल्याकडे, तिथे दोनदा. ज्या ज्या दारात त्यांनी पोराचं कौतुक आधी सांगितलं होतं आणि नंतर तोंड फिरवलं होतं, त्या प्रत्येक दारात जाऊन त्यांनी आपलं कुलूप स्वतः हरवून दाखवलं. ठिणगीला आयुष्यात बापाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. कुलूप न उघडणारं करणं सोपं आहे हो. भर गल्लीत आपली चूक उघडून दाखवायला वेगळी छाती लागते.

वर्कशॉपमध्ये दादा एका बसखाली उताणा पडून काम करत होता. बाहेर फक्त बूट दिसत होते. मास्तर त्या बुटांपाशी उभे राहिले.

"बाहेर ये," ते म्हणाले. "तोंडावर सांगायचंय."

दादा सरपटत बाहेर आला. आजूबाजूला नट आवळणारे पाने थांबले.

"तू आणल्या होत्यास," मास्तर म्हणाले. "मी चुकलो."

त्यांनी हात पुढे केला. दादा मागे सरकला, म्हणाला, बाबा, हात काळे आहेत. मास्तर म्हणाले, माझे कुठे गोरे आहेत, आणि धरलेच. दादाने मान फिरवून बसच्या चाकाकडे बघितलं, खूप वेळ, जणू त्या चाकातच काही बिघाड होता. त्या रात्री तो घरी जेवायला आला आणि खोलीचं सामान हळूहळू मागोमाग आलं.

दुकानाच्या पाटीवर मास्तरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: चेनचं काम, ठिणगी. विमानाने जाणारं कुणी कुलूप मागायला आलं की ते आधी म्हणायचे, कुलूप नंतर, आधी माझ्या मुलीकडून रनर बांधून घ्या. दोन रंगांचा पीळ ही त्यांचीच सूचना, म्हणजे कुणी दोरा कापून दुसरा बांधला तर ओळखू यावा. गाठ मात्र ठिणगीने त्यांनाही शिकवली नाही. काही गोष्टी बापापासूनही राखून ठेवायच्या असतात.

पुढे दादा पुन्हा परदेशी गेला. जाताना बॅग ठिणगीने बांधली, आणि येतानासाठी मेणाचा दोरा देऊन गाठ शिकवली. बाबांना नाही, पण त्याला शिकवली. त्यावर मास्तर दोन दिवस फुगून होते. परतीच्या आधी फोनवर दादा म्हणाला, त्याच कानशी मिळाल्या, बाबा, तसलीच पेटी. मास्तर हं म्हणाले आणि या वेळी न्हाव्याकडे गेले नाहीत. बातमी अर्थात ठिणगीनेच गल्लीभर केली. तिच्या गाठीची परीक्षा होती. लोक नकोत का बघायला?

दादा आला तेव्हा पुन्हा निम्मी गल्ली दारात. ठिणगीला रस्त्यावरूनच बॅग दिसली, पण गाठीची बाजू आत होती. चोरांना सगळ्या जगात आजचाच दिवस सापडला असेल तर, असं तिच्या मनात येऊन गेलं. दादाने बॅग उंबऱ्याशी टेकवली. ठिणगी लगेच वाकायला लागली. शिंपी मान उंचावून बघत होता. भिंग टेबलावर होतं, मास्तरांच्या हाताशी.

मास्तरांनी भिंगाला हात लावला नाही. बॅगेकडे बघितलंही नाही. त्यांनी दादाला खांद्याला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं आणि विचारलं की प्रवास कसा झाला, झोप मिळाली का, तिकडे थंडी अजून तशीच आहे का. दादा सांगत होता आणि मास्तर ऐकत होते. दारातली माणसं एकमेकांकडे बघत ताटकळली होती.

ठिणगीला राहवेना. "बाबा, गाठ तरी बघू द्या," ती म्हणाली. "आत पेटी आहे का नाही ते कळेल."

"बस खाली," मास्तर म्हणाले. "आधी जेवू दे त्याला. आत काय आहे ते त्याला माहीत आहे."

दादाचा पाण्याचा पेला तोंडापाशी थांबला. मग त्याने तो सावकाश संपवला. आईने पानं घेतली. सगळे जेवायला बसले आणि बॅग तशीच उंबऱ्याशी उभी राहिली.